टास्कबारवरून रोजच्या फाइली उघडायच्या आहेत, विंडोज ११ मधे जुना टूलबार सापडून नाही राहिला

बिल्टीवाली

नमस्कार सगळ्यांना. आमचं नागपूरजवळ वाडीला छोटं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे, टेबलावर मी अन् बाबा, कॉम्प्युटर एकच. रोज लागणाऱ्या फाइली ठरलेल्या आहेत, सहा-सात, त्याच्या बाहेर काही नाही. बिल्टी (म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती) रजिस्टर, भाड्याचे रेट, ड्रायव्हरची खर्ची, ई-वे बिलाची (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) मुदत काढायचा एक्सेल तक्ता, पार्टीला द्यायच्या पत्राचा नमुना तो वर्डमधे, अन् गाड्यांच्या इन्शुरन्स-फिटनेसच्या तारखांची यादी.

विंडोज १० होतं तेव्हा माझ्या भावाने टास्कबारवर राइट क्लिक करून टूलबार्समधून न्यू टूलबार करून दिला होता, त्याला 'रोजचे कागद' नावाचा फोल्डर दाखवला, मग खाली घड्याळाच्या बाजूला तेच नाव अन् दोन बारके बाण दिसायचे, त्यावर क्लिक केलं की फाइलींची यादी वर उघडायची अन् जी पाहिजे ती उघडून घ्यायची, बस. बाबा ६६ वर्षांचे आहेत, त्यांनी कॉम्प्युटर शिकला तोच मुळी ह्या रस्त्याने. त्यांना मी कॉम्प्युटर, मग डी ड्राइव्ह, मग ऑफिस, मग चालू वर्ष असं करत जायला नाही सांगू शकत.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून आम्ही विंडोज ११ टाकून घेतलं. फाइली सगळ्या जागेवर आहेत, पण तो टूलबार गायब. टास्कबारवर राइट क्लिक केलं तर फक्त टास्क मॅनेजर अन् टास्कबार सेटिंग्ज एवढंच येऊन राहिलं. दोन दिवस शोधून राहिली मी. संध्याकाळी रायपूरच्या तीन-तीन गाड्या एकदमच भरून उभ्या राहतात अन् बाबा फाइल शोधत बसतात, ते पाहवत नाही. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

सीताबर्डी_पीसी

ताई, तुमचं काही चुकलं नाही. विंडोज ११ मधे तो न्यू टूलबारचा ऑप्शनच नाही, २०२१ मधे आलं तेव्हापासूनच नाही, त्यामुळे शोधणं सोडून द्या. त्याच्याऐवजी जंप लिस्ट वापरा, म्हणजे टास्कबारच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की फाइलींची जी यादी वर येते ती. ही सोय विंडोज ७ पासून म्हणजे २००९ पासून आहे, पण आपल्याकडे लोक आयकॉनवर लेफ्ट क्लिकच करतात म्हणून कोणाला दिसतच नाही.

आधी एक्सेल उघडा, खाली टास्कबारवर त्याचा आयकॉन येईल, त्याच्यावर राइट क्लिक करून पिन टू टास्कबार करा म्हणजे एक्सेल बंद केलं तरी आयकॉन तिथंच राहील. मग बिल्टी रजिस्टर एकदा नेहमीसारखं उघडून बंद करा. आता पुन्हा एक्सेलच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, रिसेंटमधे त्या फाइलचं नाव दिसेल, नावावर माउस नेला की उजव्या टोकाला छोटी टाचणी येते, ती दाबा. झालं, ती फाइल वरच्या पिन्ड भागात गेली, आता तुम्ही नंतर पन्नास फाइली उघडल्या तरी ती हलत नाही. रेट, खर्ची, सगळ्यांचं असंच करून टाका. वर्डचं पत्र वर्डच्या आयकॉनवर.

अन् एक सांगून ठेवतो, त्या लिस्टमधून एखादं नाव काढलं म्हणून फाइल डिलीट होत नाही. खूप जण ह्या भीतीनं हातच लावत नाहीत. लिस्टमधे फक्त पत्ता असतो, फाइल आपल्या जागी असते.

बिल्टीवाली

दादा थँक्यू, करून पाहिलं, पण माझ्याकडे राइट क्लिक केलं तर फाइलींची नावंच येत नाहीत. वर एक्सेल, खाली अनपिन, एवढंच. फाइल चार वेळा उघडून बंद केली.

सीताबर्डी_पीसी

मग सेटिंग बंद असेल. सेटिंग्ज उघडा, पर्सनलायझेशन, त्यात स्टार्ट. तिथं एक बटण आहे, त्याच्या नावात रिसेंट फाइल्स अन् जंप लिस्ट हे शब्द दिसतील (विंडोजच्या व्हर्जनप्रमाणे वाक्य थोडं वेगळं असतं), ते ऑन करा. नवीन विंडोज टाकून देणारे बरेच जण प्रायव्हसीसाठी ते बंद करून देतात. ऑन केल्यावर फाइल पुन्हा एकदा उघडावी लागेल, आधी उघडलेल्या त्यात येत नाहीत.

बिल्टीवाली

हाव दादा, तेच बंद होतं! आता आल्या. पाच फाइली पिन केल्या एक्सेलवर.

पण खरा प्रश्न अजून बाकी आहे. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, मला कागद पाहिजे, तो एक्सेलचा आहे का वर्डचा हे मी कशाला लक्षात ठेवू. अन् बरोबर आहे ना त्यांचं. आधी सगळं एकाच नावाखाली होतं, आता पत्र पाहिजे तर एका आयकॉनवर जा, रेट पाहिजे तर दुसऱ्यावर, अन् परवान्याचे स्कॅन पीडीएफमधे आहेत ते तिसरीकडेच. शिवाय ती जंप लिस्टची अक्षरं एवढी बारीक की बाबा चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावून वाचतात. माझ्यासाठी हे जबरदस्त आहे, त्यांच्यासाठी नाही.

महालचे_काका

तुमच्या वडिलांचं म्हणणं मला अगदी पटलं. मी स्वतः ७१ चा आहे, रिटायर झाल्यावर आमच्या वाचनालयाचं दप्तर सांभाळतो. सभासद यादी, वर्गणी, पुस्तकांची नोंद, सभेचं इतिवृत्त, सगळं वेगवेगळ्या प्रोग्रामात. माणूस कामाच्या नावाने विचार करतो, प्रोग्रामच्या नावाने नाही. म्हणून मी फाइली नाही, फोल्डरच टास्कबारवर ठेवला आहे. विंडोज फोल्डर थेट पिन करू देत नाही, पण त्याला एक वळसा आहे, तो सविस्तर लिहितो कारण मला शोधायला आठवडा लागला होता.

आधी डी ड्राइव्हवर 'रोजचे कागद' फोल्डर आहेच तुमचा. त्यात मूळ फाइली आहेत का शॉर्टकट आहेत ते पाहा. फाइली त्यांच्या जागी राहू द्या अन् फोल्डरमधे फक्त शॉर्टकट ठेवा. कसं, तर फाइल माउसच्या उजव्या बटणाने धरून त्या फोल्डरमधे ओढायची, सोडली की तीन-चार पर्याय येतात, त्यातलं क्रिएट शॉर्टकट्स हिअर घ्यायचं. कॉपी मात्र चुकूनही घेऊ नका. कॉपी केली तर भाड्याचे रेट दोन ठिकाणी होतात, तुम्ही एकात बदल करता, वडील दुसऱ्यातून भाव सांगतात, अन् मग पार्टीशी वाद. शॉर्टकटवर छोटा बाण दिसतो, तो दिसला म्हणजे बरोबर.

मग शॉर्टकटांची नावं बदला. वडिलांना जशी तोंडात आहेत तशी ठेवा, मराठीत, आकडा पुढे लावून, १ बिल्टी, २ भाडं, ३ खर्ची, असं. आकड्यामुळे क्रम कायम राहतो, रोज त्याच जागी तोच कागद. डोळ्यांपेक्षा हाताला जागा लवकर पाठ होते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता टास्कबारवर आणायचं. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. पत्ता विचारतो तिथं आधी इंग्रजीत एक्सप्लोरर हा शब्द टाइप करा, मग एक स्पेस, मग दुहेरी अवतरण चिन्हात फोल्डरचा पूर्ण पत्ता. पत्ता हाताने लिहू नका, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी अ‍ॅज पाथ केलं की अवतरणासकट येतो, तो फक्त पेस्ट करायचा. नाव द्या, फिनिश. पुढे तो एक्सप्लोरर शब्द असल्यामुळे विंडोज त्याला प्रोग्राम समजतं अन् टास्कबारवर बसू देतं. मग त्या शॉर्टकटवर राइट क्लिक, शो मोअर ऑप्शन्स, त्यात पिन टू टास्कबार.

पिन करायच्या आधी त्याचं चित्र बदलून घ्या, प्रॉपर्टीज मधे चेंज आयकॉन आहे. नाहीतर तो अन् नेहमीचा पिवळा फोल्डर सारखेच दिसतात. पिन झाल्यावर बदललं तर टास्कबारवरचं चित्र बदलत नाही, अनपिन करून पुन्हा करावं लागतं.

शेवटचं, फोल्डर उघडल्यावर कंट्रोल दाबून माउसचं चाक पुढे फिरवा, आयकॉन मोठे होत जातात. मी सगळ्यात मोठे ठेवले आहेत, खाली नावही नीट वाचता येतं. जुन्या टूलबारसारखी यादी वर उघडणार नाही, खिडकी उघडेल, पण आपल्या वयाला ती खिडकीच बरी.

इतवारी_खातेवही

काकांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे, पण ताई एक गोष्ट आत्ताच विचारते, तुमचं बिल्टी रजिस्टर दर महिन्याला नवीन फाइल असतं का? असेल तर पिन करायच्या आधी थांबा.

मी इतवारीत धान्याच्या एका पेढीत हिशेब पाहते. आमच्याकडे रोजमेळ दर महिन्याला नवीन फाइलमधे असायचा, रोजमेळ सप्टेंबर, रोजमेळ ऑक्टोबर असा. मी मोठ्या हौसेने सप्टेंबरची फाइल पिन केली होती. एक तारखेला सकाळी गर्दी होती, माझ्या सोबतची मुलगी सवयीने टाचणीवरची फाइल उघडून एंट्री करत गेली, अन् तीन दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी शिल्लक जुळेना तेव्हा कळलं की सगळं मागच्या महिन्यात जाऊन बसलं आहे. संध्याकाळी साडेआठपर्यंत आम्ही दोघी ओळ न् ओळ इकडून तिकडे करत बसलो. तिची चूक मी कशी म्हणू, टाचणी तर मीच लावली होती. पिन केलेल्याला महिना बदलला हे कळत नाही, त्याला फक्त पत्ता माहीत असतो.

तेव्हापासून आमच्याकडे चालू फाइलचं नाव कधीच बदलत नाही. 'रोजमेळ चालू' हेच नाव, बारा महिने. महिना संपला की त्या फाइलची एक कॉपी करायची, कॉपीला महिन्याचं नाव द्यायचं, ती जुन्या फोल्डरमधे टाकायची, मग चालू फाइलमधल्या जुन्या एंट्र्या काढून ओपनिंग शिल्लक ओढायची. म्हणजे पिन पण तीच, शॉर्टकट पण तोच, अन् जी उघडते ती नेहमी चालू महिन्याचीच. कॉपी झाली का ते आधी उघडून पाहायचं अन् मगच चालू फाइलमधलं काढायचं, हा क्रम उलटा करू नका.

बिल्टीवाली

ताई, बरं झालं विचारलं! आमचं रजिस्टर महिन्याचंच असतं, अन् मी कालच ह्या महिन्याची फाइल पिन केली होती. एक तारखेला आमच्याकडे हेच झालं असतं, अन् बिल्टीचा नंबर एकदा चुकला तर पुढचं सगळं बिलिंग चुकतं. आजच 'बिल्टी चालू' करून टाकते.

काका, तुमच्या पद्धतीनं आज रात्री करून पाहते. शॉर्टकट नव्हते हो, मूळ फाइलीच त्या फोल्डरमधे होत्या, अन् रेटची एक जुनी कॉपी पण सापडली त्यातच.

गोधनी_टायपिस्ट

थोडं माझ्याकडून पण, ताईंसाठी, बाबांसाठी नाही. टास्कबारवर डावीकडून जे आयकॉन पिन केले आहेत त्यांना नंबर असतात, स्टार्ट अन् सर्च सोडून. विंडोज की धरून १ दाबलं की पहिला प्रोग्राम उघडतो, २ दाबलं की दुसरा. अन् विंडोज की सोबत ऑल्ट पण धरला अन् १ दाबलं तर प्रोग्राम नाही, त्याची जंप लिस्टच उघडते, मग वर-खालीच्या बाणाने फाइल निवडून एंटर. फोन कानाला असेल अन् पार्टी रेट विचारत असेल तेव्हा माउस पकडायची गरज नाही. मी कोर्टाच्या बाहेर टायपिंगचं काम करते, दिवसभरात नमुने सारखे उघडावे लागतात, माझं निम्मं काम ह्याच्यावरच चालतं.

एखादी फाइल फारच लागत असेल तर डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट करा, त्याच्या प्रॉपर्टीजमधे शॉर्टकट की लिहिलेल्या चौकोनात एक अक्षर दाबा, तो आपोआप कंट्रोल ऑल्ट अन् ते अक्षर घेतो. हा शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच पाहिजे, दुसऱ्या फोल्डरमधे ठेवला तर की चालत नाही. फक्त ४ चा आकडा घेऊ नका, कारण इंग्लिश इंडिया कीबोर्ड असेल तर कंट्रोल ऑल्ट ४ ने रुपयाचं चिन्ह ₹ येतं, बिलामधे ते तुम्हाला लागेलच.

पत्राच्या नमुन्याचं पण एक. वर्डमधे तो सेव्ह अ‍ॅज करून प्रकारात वर्ड टेम्प्लेट निवडा. वर्ड तेव्हा स्वतःच दुसरा फोल्डर दाखवतं, तिथं सेव्ह होऊ देऊ नका, तुमचा फोल्डर पुन्हा निवडा. मग फोल्डरमधून डबल क्लिक केलं की दर वेळी नवीन कोरं पत्र उघडतं अन् मूळ नमुना तसाच राहतो. नाहीतर एका पार्टीचं नाव दुसऱ्याच्या पत्रात जातं, मी पाहिलं आहे तसं झालेलं.

सीताबर्डी_पीसी

हे सगळं बरोबर आहे. माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या होत्या.

एक, नेटवर शोधलं तर जुना टूलबार परत आणून देणारे बाहेरचे सॉफ्टवेअर सापडतील. घरी हौस म्हणून टाकायला हरकत नाही, पण ऑफिसच्या मशीनवर नका टाकू भाऊ. ते टास्कबारच्या आतल्या भागात हात घालतात, विंडोजचं मोठं अपडेट आलं की कधी कधी टास्कबारच नीट चालत नाही, अन् नेमकं ते गाड्या उभ्या असतानाच होते. माझ्याकडे अशी मशीन दुरुस्तीला येतात.

दोन, पिन अन् जंप लिस्ट ही त्या-त्या विंडोज अकाउंटची असते. ताई तुम्ही अन् बाबा एकाच लॉगिनने बसता का? बसत असाल तर बाबांचं वेगळं अकाउंट करून द्या. त्यांच्या टास्कबारवर फक्त 'रोजचे कागद' अन् कॅल्क्युलेटर, बाकी सगळं अनपिन. तुमच्याकडे तुमचं जसं पाहिजे तसं. फाइली डी ड्राइव्हवर आहेत त्या दोघांनाही उघडतील. अन् ऑफिसमधे बाहेरचं कोणी बसत असेल तर राइट क्लिक केलं की कोणत्या पार्टीची फाइल शेवटी उघडली ते त्याला दिसते, वेगळं अकाउंट असलं की तेही नाही.

फाइली पेन ड्राइव्हवर असतील तर मात्र पिन करू नका. आज त्याला ई म्हणते, उद्या एफ म्हणते, पत्ता बदलला की लिस्ट म्हणेल फाइल सापडत नाही.

महालचे_काका

वेगळ्या अकाउंटची सूचना उत्तम. फक्त मी सांगितलेला शॉर्टकट वडिलांच्या अकाउंटमधे जाऊन पुन्हा पिन करावा लागेल, तुमच्याकडे केलेला त्यांच्याकडे दिसणार नाही.

बिल्टीवाली

झालं! काल रात्री जेवणं झाल्यावर बसली होती, साडेअकरापर्यंत. बाबांचं वेगळं अकाउंट केलं, त्यात टास्कबारवर दोनच आयकॉन ठेवले. 'रोजचे कागद'ला ट्रकचं चित्र पाहिजे होतं पण तिथल्या चित्रांत ट्रक नव्हता, मग झाडाचं ठेवलं. फोल्डरमधे सात शॉर्टकट, १ बिल्टी पासून ७ गाडीच्या तारखा, आयकॉन सगळ्यात मोठे. पत्राचा टेम्प्लेट केला. रेटच्या मूळ फाइलला बाबांकडून चुकून काही खोडलं जाऊ नये म्हणून प्रॉपर्टीजमधे रीड ओन्ली करून ठेवलं, बदल करायचा तेव्हा मी काढते.

आज सकाळी बाबांना काही समजावलं नाही, फक्त झाड दाबा म्हटलं. दुपारी मी बँकेत गेली होती, तेवढ्यात रायपूरची गाडी आली. बाबांनी बिल्टी काढली, ४ नंबरचा तक्ता उघडून ई-वे बिलाची मुदत पण पाहिली, २०० किलोमीटरला एक दिवस म्हणजे आपल्याला दोन दिवस मिळतात हे ड्रायव्हरला समजावून सांगितलं, अन् गाडी लावून दिली. मला फोनसुद्धा नाही केला. मी परत आली तर भंडारा रोडला लागली होती गाडी.

एक विचारायचं राहिलं. 'बिल्टी चालू'ची महिन्याची कॉपी करताना तिच्या आतले फॉर्म्युले दुसऱ्या फाइलमधून रेट ओढतात, ते कॉपीत पण नवीन रेटप्रमाणे बदलत जातील का?

इतवारी_खातेवही

हो, लिंक तशीच राहिली तर कॉपी उघडून अपडेटला हो म्हटलं की जुन्या बिल्टीवर नवे रेट येतील, ते चालणार नाही. कॉपी केल्यावर ती कॉपी उघडा, डेटा टॅबमधे एडिट लिंक्स आहे (नवीन एक्सेलमधे वर्कबुक लिंक्स नावाने), त्यात ब्रेक लिंक करा. तेव्हाचे आकडे आकडे म्हणूनच गोठून राहतात. पण ब्रेक लिंक परत घेता येत नाही, म्हणून दाबायच्या आधी वर टायटलमधे नाव वाचा, महिन्याचं नाव असेल तरच दाबा, 'चालू' दिसलं तर बंद करा.